पंचवीस डॉलर आणि अडीच हजार डॉलर : कोळंबीच्या परवान्याचा एक खटला

सव्हाना नदी अटलांटिकला मिळते तिथे उत्तरेचा काठ साउथ कॅरोलायना राज्याचा आणि दक्षिणेचा जॉर्जियाचा. दोन्हीकडे सारखीच खाजणं, सारखंच उंच गवत, ओहोटीला उघडा पडणारा सारखाच काळा चिखल. १९४७ साली या नदीच्या उत्तरेला समुद्रात कोळंबीसाठी जाळं ओढायचं असेल तर बोटीच्या मालकाला परवाना काढावा लागे. मालक साउथ कॅरोलायनाचा रहिवासी असेल तर एका बोटीला २५ डॉलर. नसेल तर २,५०० डॉलर. बोट तेवढीच, जाळं तसंच, कोळंबीही तीच. मालकाचं घर कुठल्या राज्यात आहे, एवढ्यावरून फी शंभर पट होत होती.

जॉर्जियात राहणाऱ्या पाच मच्छीमारांनी या कायद्याला आव्हान दिलं. फ्लोरिडात नोंदलेली मासळी व्यापाऱ्यांची एक ना-नफा संस्थाही त्यांच्याबरोबर होती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ७ जून १९४८ रोजी त्याचा निकाल लागला. ‘टूमर विरुद्ध विट्सेल’ या नावाने तो ओळखला जातो. खाऱ्या पाण्यातल्या व्यावसायिक मासेमारीच्या परवान्याला राज्य रहिवासाची अट कितपत लावू शकतं, हा वाद तिथे कुठेही उभा राहिला की हा निकाल आधी उघडला जातो.

मी या खटल्याकडे वळलो त्याचं कारण मात्र घराजवळचं आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ‘परराज्यातले ट्रॉलर’ हे शब्द ज्या संतापाने उच्चारले जातात तो संताप खरा आहे. रात्रीत येऊन तळ खरवडून गेलेल्या बोटीमागे रिकामं जाळं ओढणाऱ्या माणसाला घटनेतली कलमं सांगणं सोपं नाही. तरीही त्या संतापातून नेमका कुठला कायदा करावा आणि कुठला करू नये, हे या निकालात जितकं स्वच्छ मांडलं आहे तितकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

कोळंबी कुठून कुठे जाते

आधी कोळंबीचं समजून घ्यायला हवं, कारण सगळा निकाल तिच्या वाटेवर उभा आहे. या किनाऱ्यावरची महत्त्वाची जात म्हणजे पांढरी कोळंबी. ती किनाऱ्याजवळच्या समुद्रात अंडी सोडते. पिल्लं भरतीबरोबर खाड्यांत शिरतात आणि खाजणातल्या गवतात, चिखलात वाढतात. आपल्याकडेही खाडीच्या आत बारीक आणि बाहेर समुद्रात मोठी कोळंबी मिळते, त्यामागे हाच क्रम असतो. उन्हाळा सरत आला की वाढलेली कोळंबी खाडीतून बाहेर पडते, पाणी गार व्हायला लागलं की किनारा धरून दक्षिणेकडे सरकते आणि वसंतात पुन्हा उत्तरेला येते. नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा अशा चार राज्यांच्या दारातून ही एकच वरात जाते.

तिच्यामागे बोटीही जात. कोळंबीचा ट्रॉलर पिशवीसारखं जाळं तळावरून ओढतो. जाळ्याचं तोंड दोन फळ्यांनी उघडं राहतं. ही पद्धत या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळली आणि फ्लोरिडातलं फर्नांडिना बंदर तिचं मूळ ठिकाण मानलं जातं. इंजिनची बोट हाताशी आल्यावर एका बंदरात हंगामाची वाट पाहत बसण्याची गरज उरली नाही. कोळंबी जिथे असेल तिथे जायचं, बर्फात घालून घरच्या धक्क्यावर आणायची, तिथल्या शेडमध्ये डोकी काढून पेट्या भरायच्या, असा धंदा बसला.

त्या वेळी या मासेमारीवर केंद्राचा कुठलाच कायदा नव्हता. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांनी १९४२ मध्ये एक सामायिक आयोग नेमला होता खरा, पण परवाना देणं आणि नाकारणं राज्यांच्याच हातात राहिलं. एकाने शेजाऱ्याच्या बोटींवर बंधन घातलं की शेजारी उलट बंधन घालायचा. होता होता अशी वेळ आली की फिरत्या कोळंबीची एकसंध मासेमारी राज्यांच्या सीमांवर तुकडे होऊन पडली. हे वर्णन न्यायालयाच्या निकालपत्रातच येतं. मला तो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अडीच हजारांची फी कुणा एका मंत्र्याच्या लहरीतून आलेली नव्हती. प्रत्येक राज्याला आपापल्या जागेवरून आपलं वागणं रास्तच वाटत होतं.

कायद्यात काय होतं

साउथ कॅरोलायनाच्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन मैलांचा समुद्र राज्याच्या हद्दीत धरला होता आणि तिथली मासेमारी ही राज्याच्या जनतेची सामायिक मालमत्ता ठरवली होती. त्या पट्ट्यात पकडलेल्या कच्च्या कोळंबीवर पौंडामागे एक अष्टमांश सेंट कर होता. हा कर घरच्यालाही होता आणि बाहेरच्यालाही. परवान्याच्या फीचा फरक वर सांगितलाच आहे. याशिवाय एक अट होती जी पहिल्या वाचनात किरकोळ वाटते: इथे कोळंबी पकडणाऱ्या प्रत्येक बोटीने साउथ कॅरोलायनाच्याच बंदरात लागायचं, माल तिथेच उतरवायचा, तिथेच पेट्या भरायच्या, कराचे शिक्के मारायचे आणि मगच तो दुसऱ्या राज्यात न्यायचा. नियम मोडला तर हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकत होती.

इथे एक हिशेब मांडून पाहू. पौंडाला एक अष्टमांश सेंट म्हणजे हजार पौंड कोळंबीवर सव्वा डॉलर. या दराने २,५०० डॉलर कर जमायला एका बोटीने वीस लाख पौंड, म्हणजे साधारण नऊ लाख किलो कोळंबी पकडायला हवी. समुद्रातून जे घेतलं त्याची किंमत राज्य स्वतः किती लावत होतं आणि बाहेरच्या माणसाला आत येण्याची किंमत किती लावत होतं, हे या दोन आकड्यांत दिसतं. पहिला आकडा महसुलासाठी होता, दुसरा माणसाला दारातूनच परत पाठवण्यासाठी. न्यायालयानेही पुढे म्हटलं की ही फी व्यवहारात बंदीसारखीच आहे.

मच्छीमारांनी या कायद्याची अंमलबजावणी थांबवावी म्हणून संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मागितला. तीन न्यायाधीशांच्या पीठाने कायदा वैध ठरवला आणि दावा फेटाळला. तिथून प्रकरण सरळ सर्वोच्च न्यायालयात आलं.

समुद्र कुणाचा, मासे कुणाचे

मच्छीमारांचा एक युक्तिवाद मुळावरच घाव घालणारा होता: तीन मैलांचा पट्टा राज्याचाच नाही, मग राज्य परवाना कसला मागतं? याला ताजा आधार होता. आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाविरुद्धच्या खटल्यात म्हटलं होतं की या पट्ट्यावर अंतिम अधिकार संघराज्याचा आहे. पण हा युक्तिवाद टिकला नाही. संघराज्याने स्वतः काही कायदा केलेला नसताना, आपल्या किनाऱ्यालगतच्या मासळीचं नियमन करण्याइतका रस आणि अधिकार राज्याला आहे, असं न्यायालय म्हणालं. त्यासाठी फ्लोरिडात स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याच्या १९४१ च्या खटल्याचा आधार घेतला गेला. पौंडामागचा करही टिकला, कारण तो सगळ्यांना सारखा होता आणि माल व्यापाराच्या वाटेला लागण्याआधी, पकडण्याच्या क्रियेवर बसत होता.

हे मुद्दाम सांगतो. निकाल वाचून पुष्कळांचा समज होतो की न्यायालयाने समुद्र सगळ्यांना मोकळा केला. तसं झालेलं नाही. परवाना घे म्हणण्याचा, कर लावण्याचा, नियम घालण्याचा राज्याचा हक्क न्यायालयाने आधी पक्का केला आणि मगच ते रहिवासाच्या प्रश्नाकडे वळलं.

अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात एक छोटंसं कलम आहे. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात तिथल्या नागरिकांसारखेच हक्क आणि सवलती मिळतील, असा त्याचा आशय. सरन्यायाधीश फ्रेड विन्सन यांनी बहुमताचं निकालपत्र लिहिलं आणि या कलमाचा उलगडा करताना एक कसोटी घालून दिली. सगळाच भेदभाव त्याज्य नाही. पण ज्या भेदभावाला ‘तो दुसऱ्या राज्याचा आहे’ यापलीकडे ठोस कारण नाही, तो चालणार नाही. कारण असेल तर तेही बाहेरच्या माणसाशी निगडित हवं. म्हणजे ज्या दुखण्यावर कायदा उपाय करतोय त्या दुखण्याचं मूळ खरोखर बाहेरचे लोक आहेत असं दिसायला हवं, आणि उपायाचं दुखण्याशी प्रमाण हवं.

राज्याने कारणं दिली होती. कोळंबी कमी होते आहे, तिचं संवर्धन हवं. परराज्यातल्यांच्या बोटी मोठ्या असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला खर्च जास्त येतो. संवर्धनाचा पैसा रहिवाशांच्या करातून जातो. एकेक वाक्य ऐकायला पटणारं आहे. न्यायालयाने ती वाक्यं उडवून लावली नाहीत, पुरावा कुठे आहे एवढंच विचारलं. बाहेरच्यांच्या बोटी मोठ्या असल्याची नोंद खटल्याच्या कागदपत्रांत नव्हती. त्यांची पद्धत वेगळी असल्याची नव्हती. त्यांच्यावर देखरेखीचा खर्च लक्षात येण्याइतका जास्त असल्याचीही नव्हती. राज्याच्या सामान्य तिजोरीतून कोळंबीच्या संवर्धनावर फारसं काही खर्च होत असल्याचंही कुठे दिसत नव्हतं.

आणि मग विन्सन यांनी राज्याला काय करता येईल तेही सांगितलं. या जागेवर मी दरवेळी थांबतो. बोटींवरच्या सामग्रीवर मर्यादा घाला, जाळ्यांवर घाला. बोटीच्या आकाराप्रमाणे फी चढवत न्या. बाहेरच्या माणसामुळे देखरेखीचा जादा खर्च होत असेल तर तेवढा त्याच्याकडून घ्या. फक्त रहिवाशांच्या करातून संवर्धनाचा खर्च निघत असेल तर त्याचा वाटा बाहेरच्याच्या फीत घाला. म्हणजे बाहेरच्याला थोडी जास्त फी लावायला मनाई नाही. पण तो जास्तीचा प्रत्येक डॉलर कशाचा, हे राज्याला दाखवता आलं पाहिजे. २५ आणि २,५०० मधल्या २,४७५ डॉलरांचं असं उत्तर साउथ कॅरोलायनाकडे नव्हतं.

राज्याचं मोठं अस्त्र वेगळंच होतं, मालकीचं. मासे जनतेच्या मालकीचे, राज्य त्यांचं विश्वस्त, मग घरच्या वस्तूत परक्याला वाटा का द्यायचा? या विचाराला जुनी परंपरा होती. १८२३ मध्ये न्यू जर्सीच्या कालवांवरून झालेल्या एका खटल्यात न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांनी परराज्यातल्या नागरिकांच्या हक्कांची मोठी यादी दिली, पण राज्याची कालवं काढण्याचा हक्क तिच्यात धरला नाही. व्हर्जिनियाने आपल्या भरतीच्या नदीत मेरिलँडच्या माणसाला कालवं पेरायला बंदी केली, तेव्हा १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला मान्यता दिली. साउथ कॅरोलायनाचं म्हणणं होतं, कालवाला लागू तेच कोळंबीला लागू.

मालवणच्या कुठल्याही माणसाला हा युक्तिवाद कुठे अडकतो ते लगेच कळेल. कालव खडकाला चिकटून बसतं. ते पेरता येतं, राखता येतं, आपलं म्हणता येतं. कोळंबी आज इथे, उद्या पुढच्या बंदरासमोर. न्यायालयाने नेमका हाच फरक पकडला. व्हर्जिनियाची कालवं राज्याच्या आतल्या पाण्यात एका जागी होती. ही कोळंबी मोकळ्या समुद्रातली, चार राज्यांतून फिरणारी. इथेच न थांबता विन्सन यांनी पुढे लिहिलं की ही सगळी मालकीची कल्पनाच एक कायदेशीर संकेत आहे. महत्त्वाची साधनसंपत्ती जपण्याचा आणि तिच्या वापराचं नियमन करण्याचा अधिकार राज्याला असणं जनतेसाठी किती मोलाचं आहे, हे थोडक्यात सांगायची ती एक रीत. तिच्यावरून कुणी खरा मालक होत नाही. विश्वस्त म्हणवून घेणाऱ्याने समुद्र राखायचा असतो, त्यावर बसायचं नसतं, असा अर्थ मी त्यातून घेतो.

एक बारीक गोष्ट सुटायला नको. चौथ्या अनुच्छेदातलं हे कलम नागरिकांसाठी आहे आणि अमेरिकेतल्या न्यायालयांनी त्यात कंपन्या किंवा नोंदणीकृत संस्था धरलेल्या नाहीत. व्यापाऱ्यांची संस्था एकटीच लढली असती तर फीचा हा मुद्दा तिला या कलमाखाली मांडता आला नसता. त्या पाच मच्छीमारांची नावं दाव्यावर असणं म्हणूनच निर्णायक होतं.

माल उतरवण्याची सक्ती

बंदराच्या अटीवर न्यायालयाने आंतरराज्य व्यापाराच्या कलमाखाली घाव घातला. राज्याराज्यांमधल्या व्यापाराच्या आड एखाद्या राज्याने येऊ नये, असा त्या कलमाचा अर्थ न्यायालयं घेतात. या मच्छीमारांचे धक्के, गोदामं, बर्फाची सोय, पॅकिंगची शेड, सगळं जॉर्जियात. साउथ कॅरोलायनात माल उतरवायचा म्हणजे खर्च वाढणार, याविषयी खटल्यात पुरावा होता आणि तो कुणी खोडून काढला नव्हता. पण न्यायालयाला त्याहून मोठी गोष्ट दिसली. काम आपल्याच राज्यात करा अशी सक्ती केली की जॉर्जियाच्या शेडमधली मजुरी साउथ कॅरोलायनाच्या शेडमध्ये जाते. धंद्याची जी रचना सोयीने, अंतराने, बाजाराने बसलेली असते तिला कायदा बळेच एका जागी खिळवतो. ही अट रद्द झाली.

या भागात जॉर्जियाच्या शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या मजुरांचा विचार अप्रत्यक्षपणे का होईना येतो, याचं मला बरं वाटतं. परवान्याच्या वादात बोटीचे मालक आणि सरकार एवढेच दिसतात. धक्क्यावरची माणसं, बर्फ फोडणारी, पाट्या उचलणारी, निवडणारी, कुठल्याच बाजूच्या कागदावर नसतात.

सगळे न्यायमूर्ती एकाच वाटेने निकालापर्यंत आले नाहीत. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी वेगळं मत लिहिलं आणि रॉबर्ट जॅक्सन त्यात सामील झाले. राज्याच्या सामायिक संपत्तीत आपल्या लोकांना झुकतं माप द्यायला नागरिकांच्या हक्कांचं कलम आड येतं, हे फ्रँकफर्टर यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते कायदा पडत होता तो व्यापाराच्या कलमाखाली. हा मतभेद निव्वळ वकिली नव्हे. फ्रँकफर्टर यांची वाट धरली तर घरच्या माणसाला पुढे ठेवण्याला तत्त्वतः जागा राहते; विन्सन यांच्या वाटेने प्रत्येक वेळी कारण आणि हिशेब दाखवावा लागतो. मला दुसरी वाट जास्त न्याय्य वाटते, कारण पहिल्या वाटेवर शेवटी सामायिक संपत्ती म्हणजे काय हे ज्याच्या हातात सत्ता तोच ठरवतो.

त्याच दिवशी, दुसऱ्या किनाऱ्यावर

सत्ता ते कसं ठरवते, याचा दाखला त्याच दिवशी, ७ जून १९४८ रोजी, त्याच न्यायालयाने दिलेल्या दुसऱ्या निकालात आहे. तोराओ ताकाहाशी हे जपानमध्ये जन्मलेले, १९०७ पासून कॅलिफोर्नियात राहणारे मच्छीमार. १९१५ ते १९४२ ते परवान्यावर समुद्रात मासे पकडत होते. युद्धात जपानी वंशाच्या लोकांबरोबर त्यांनाही किनाऱ्यावरून हलवण्यात आलं. ते दूर असताना कॅलिफोर्नियाने १९४३ मध्ये जपानी परकीयांना मासेमारीचा परवाना बंद केला आणि १९४५ मध्ये शब्द बदलून ‘नागरिकत्वास अपात्र व्यक्ती’ असं केलं. ताकाहाशी परत आले तेव्हा त्यांना परवाना नाकारला गेला.

राज्याची बाजू ओळखीची होती: समुद्रातले मासे आमच्या जनतेचे, आम्ही ते जपतो आहोत. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या बहुमताने ती फेटाळली. रीड आणि जॅक्सन विरोधात राहिले. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की मालकीचा युक्तिवाद कुठवर जाऊ शकतो ते कळतं. आज तो नदीपलीकडच्या शेजाऱ्यावर चालतो, उद्या चाळीस वर्षं आपल्यातच राहिलेल्या माणसावर. ताकाहाशींच्या बाबतीत तर रहिवासाचा प्रश्नच नव्हता. ते रहिवासीच होते.

नंतरचा प्रवास

१९५२ मध्ये अलास्काचं प्रकरण आलं. अलास्का तेव्हा राज्य नव्हतं, प्रदेश होता. तिथे व्यावसायिक मच्छीमाराचा परवाना रहिवाशाला ५ डॉलर आणि बाहेरच्याला ५० डॉलर. बाहेरून हंगामापुरत्या येणाऱ्यांवर लक्ष ठेवायला खर्च जास्त येतो, हे कारण इथे बऱ्यापैकी खरं वाटण्याजोगं होतं. निकाल लिहिला तो फ्रँकफर्टर यांनीच. नुसतं म्हणून भागत नाही, जादा फी आणि जादा खर्च यांचा संबंध दाखवा, असं त्यांनी बजावलं आणि फी रद्द झाली. चार वर्षांपूर्वीच्या कसोटीला त्यांच्या लेखणीतून बळ मिळालं.

१९७७ मध्ये व्हर्जिनियाच्या एका कायद्यावरच्या खटल्यात न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी मोकळ्या माशांवरच्या मालकीची गोष्ट ही निव्वळ कल्पित गोष्ट असल्याचं पुन्हा सांगितलं. पण लगेच १९७८ मध्ये मोंटाना राज्याच्या शिकारीच्या परवान्यावर न्यायालयाने वेगळी रेघ ओढली. तिथे रहिवाशाला ३० डॉलर आणि बाहेरच्याला २२५ डॉलर असा फरक होता आणि तो टिकला, कारण सांबरासारख्या मोठ्या एल्क हरणाची शिकार हा छंद आहे, उपजीविका नाही. व्यावसायिक मासेमारी आणि हौशी गळ यांच्या परवान्यांत रहिवासाचा विचार वेगळा का होतो, ते इथे स्पष्ट होतं. पोटाच्या धंद्याला घटनेचं संरक्षण जास्त.

आणि अलास्का, आता राज्य म्हणून, पुन्हा न्यायालयात आला. बाहेरच्या मच्छीमारांकडून तिप्पट फी घेतली जात होती. १९८४ मध्ये हजारो मच्छीमारांच्या वतीने एकत्रित दावा दाखल झाला आणि तो कितीतरी वर्षं चालला. विन्सन यांचं ‘हिशेब दाखवा’ हे सूत्र इथे अक्षरशः वहीत उतरलं. मासेमारीच्या व्यवस्थापनावर राज्य किती खर्च करतं, त्यात एका रहिवाशाचा वाटा किती, बाहेरच्याने तेवढा आधीच दिला आहे का? त्यात अलास्काची स्वतःची अडचण अशी की तिथे राज्याचा आयकर नाही, तिजोरी बरीचशी तेलावर चालते. तेलाचा पैसा रहिवाशांनी भरलेला म्हणायचा का? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो वाट्यात धरायला परवानगी दिली, कारण तो पैसा मासेमारीवर गेला नसता तर रहिवाशांच्याच दुसऱ्या कामी आला असता. मला हा विचार पटतो.

आज अलास्कात रहिवासी ठरायला सलग बारा महिने तिथे अधिवास हवा, तिथेच राहण्याचा इरादा हवा आणि दुसऱ्या राज्यात रहिवासी म्हणून फायदे घेतलेले नसावेत. केंद्राच्या पाण्यातल्या मासेमारीसाठी १९७६ च्या कायद्यात तर वेगवेगळ्या राज्यांच्या रहिवाशांमध्ये भेदभाव करू नये हे एक राष्ट्रीय मानकच घातलं आहे. रहिवासाची अट संपलेली नाही. ती हिशेबाच्या चौकटीत आली आहे.

हे सगळं वाचल्यावरही एक खंत उरते. निकालाने भिंत पाडली, पण कोळंबी वाचवली नाही. चार राज्यांनी एकत्र बसून हंगाम आणि जाळ्यांचे आस, म्हणजे जाळ्याच्या भोकांचा आकार, ठरवायला हवे होते, ते काम न्यायालयाच्या हातातलं नव्हतं. साउथ कॅरोलायनाच्या छोट्या बंदरातला माणूस दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेला तेव्हा त्याला शेजारच्या राज्याच्या बोटी आणखी दिसल्या असतील, आणि त्याला वाटलेली भीती खोटी नव्हती. मला राज्याची फी चुकीची वाटते, त्या माणसाची भीती नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर

आपल्या घटनेत मासेमारी राज्यांच्या यादीत आहे आणि सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राच्या. म्हणून बारा सागरी मैलांच्या आतला कायदा राज्याचा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यातले दंड २०२१ मध्ये बरेच वाढवले गेले. व्यवसाय करण्याचा हक्क कलम १९ खाली प्रत्येक नागरिकाला आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आपली घटना अमेरिकेसारखी नाही, त्यामुळे टूमरचा निकाल इथे कुणाला बांधील नाही. पण प्रश्न तोच आहे.

सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं, ओढणारे, पाण्यात उभं जाळं सोडणारे गिलनेटवाले, छोट्या होड्यांचे मच्छीमार ज्यांच्याविरुद्ध उभे राहतात त्यांत गोवा आणि कर्नाटकातून येणारे वेगवान ट्रॉलर आहेत, तसे आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच राज्यातले पर्ससीनवालेही, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणारेही आहेत. प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली, ती बोट कुठल्याही बंदराची असो. रापणकराचं नुकसान बोटीच्या नंबरावरच्या राज्याच्या अक्षरांनी होत नाही. ते जाळ्याच्या लांबीने होतं, आसाच्या बारीकपणाने, इंजिनाच्या ताकदीने, किनाऱ्याच्या किती आत येऊन ओढलं त्याने. घुसखोरी आहेच, बिनपरवाना आलेल्या बोटीवर कारवाई व्हायलाच हवी, आणि रात्रीच्या गस्तीला पुरेशा नौका हव्यात. पण ‘परराज्यातला’ हा शब्द एकदा कायद्यात शिरला की आपल्या जिल्ह्यातला पर्ससीनवाला त्याच्या आडोशाला आरामात उभा राहतो.

१९८१ चा आपला कायदा या बाबतीत विन्सन यांच्या यादीच्या जवळ आहे. मासेमारीवर बंधन घालताना सरकारने कशाचा विचार करायचा, ते त्यात दिलं आहे: मासेमारी करणाऱ्या निरनिराळ्या घटकांचं, विशेषतः पारंपरिक होड्यांवरच्या मच्छीमारांचं हित, मासळीचं संवर्धन आणि शास्त्रीय पायावर नियमन, आणि समुद्रात सुव्यवस्था राखणं. पारंपरिक होडीवरचा माणूस त्यात पहिल्या क्रमांकावर आहे. तो कुठल्या राज्याचा रहिवासी असावा, हे तिथे लिहिलेलं नाही.